दादीच्या वयाचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभात चार शब्द बोलण्यासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी संस्थेचा मनापासून आभारी आहे. या व्यासपीठावरून आजवर डॉक्टर, वकील, प्राध्यापक बोलून गेले. मी त्यांपैकी कोणीच नाही. १९८० ते २०१५ अशी पस्तीस वर्षे मी एका शाळेत कारकून होतो. जनरल रजिस्टर लिहायचे, शाळा सोडल्याचे दाखले द्यायचे आणि फीच्या पावत्या फाडायच्या, यातच माझा जन्म गेला. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये.

सुरुवातीलाच विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो. ज्यांच्या आजोबांची किंवा आजीची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे, त्यांनी हात वर करावेत.

(हशा)

पाहा, मोजायची गरजच नाही. एवढी माणसे एकाच दिवशी जन्माला आली असतील, तर त्या दिवशी सुईणींची मोठी धांदल उडाली असेल! खरा प्रकार असा, की शाळा जूनमध्ये सुरू होत. आईबाप मुलाला घेऊन येत. मास्तर विचारीत, "जन्म कधीचा?" उत्तर येई, "पोराचे दात पडायला लागलेत." मग मास्तर मुलाकडे एकदा बघत, सहा वर्षे मागे मोजत आणि १ जून लिहून मोकळे होत. माझीही तारीख १ जून १९५७ आहे. खरी कोणती, ते अल्लाला ठाऊक. पुढे मी स्वतः त्याच खुर्चीवर बसलो आणि तेच केले. त्याविषयी मला आज एक कबुली द्यायची आहे. ती नंतर देतो.

आज मी बोलणार आहे माझ्या दादीविषयी. तिचे नाव घेत नाही, कारण अशीच एक दादी, नानी किंवा आजी तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी होऊन गेली आहे. ती सोपाऱ्यात राहिली आणि २०१३ च्या हिवाळ्यात वारली. वय किती होते? रेशनकार्डाप्रमाणे ८८, निवडणूक ओळखपत्राप्रमाणे ९१ आणि आधार कार्डाप्रमाणे ९३. आधारवर तर तारीख १ जानेवारी होती. म्हणजे सरकारदरबारी ती तीनदा जन्मली होती. स्वतः ती एवढेच सांगे, "मानमोडीच्या साथीत माझी अम्मा गेली. मी तेव्हा अंगावर पीत होते."

मी कारकून माणूस, तेवढ्यावरूनही हिशेब लागतो. मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये तो मुंबईत शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने खरा घाला घातला. साऱ्या हिंदुस्थानात त्या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. तसे ते एकच दशक. त्या कोटीतली एक बाई म्हणजे दादीची आई. तेव्हा दादीचा जन्म १९१७ च्या अखेरचा किंवा १९१८ च्या आरंभीचा धरावा लागतो. तिला तिच्या थोरल्या भावाने खांद्यावर वाढवले. तो त्या वेळी आठ वर्षांचा होता.

मित्रांनो, आपल्या सोपाऱ्याचे नाव जुने आहे. अरब प्रवाशांनी आपल्या ग्रंथांत त्याची नोंद केली आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप खणला. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे सापडला, आणि १९५६ साली नवव्या लेखाचा तुकडा भुईगावला मिळाला. बावीसशेहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाने काय सांगितले, ते आपल्याला वाचता येते, कारण ते लिहून ठेवले गेले. त्याच मातीत पंच्याण्णव वर्षे राबलेल्या बाईचा जन्म कधीचा, हे मात्र सांगता येत नाही. माझ्या दादीला तारखा येत नव्हत्या. पण तिच्याजवळ तिचे स्वतःचे कॅलेंडर होते. ते देशाच्या इतिहासातल्या घटनांचे होते, हे तिला माहीत नव्हते. मलाही ते फार उशिरा कळले.

तिच्या लग्नाचेच पाहा. ती म्हणायची, "कायदा येणार म्हणून माझा निकाह घाईत उरकला." हा कोणता कायदा, हे मी लहानपणी कधी विचारले नाही. पुढे उलगडा झाला. शारदा कायदा १९२९ साली मंजूर झाला. मुलीचे लग्नाचे वय किमान चौदा असावे, असे त्यात होते. तो १ एप्रिल १९३० रोजी लागू व्हायचा होता. त्याआधी देशभर सगळ्या जातिधर्मांत लग्नांची एकच झुंबड उडाली. पाळण्यातल्या मुलींचीही लग्ने लागली. दादी तेव्हा बारा वर्षांची होती. निकाह झाला. सासरी ती तीन वर्षांनी गेली. त्याच एप्रिलमध्ये महात्मा गांधींनी दांडीला मीठ उचलले आणि देश ढवळून निघाला. आमच्या घरी मात्र त्या सालाची आठवण एवढीच, की एका मुलीची बाहुली तिच्या धाकट्या चुलत बहिणीला देऊन टाकली. मुलींच्या भल्यासाठी केलेला कायदा होता. पण मुलीचे वय कोठे लिहिलेलेच नसेल, तर कायद्याने ते पाहायचे तरी कोठे?

माझे वडील तिचे पहिले मूल. त्यांचा जन्म "विजेची गाडी विरारला आली त्या वर्षीचा". आपल्याकडे रेल्वे जुनीच. विरारहून मुंबईला जाणारी पहिली लोकल १८६७ सालची, वाफेची. विजेच्या गाड्या १९२८ साली बोरिवलीपर्यंत आल्या आणि १९३६ साली विरारपर्यंत. म्हणजे वडील १९३६ चे. माझी आत्या "पालघरला गोळ्या झाडल्या त्या पावसाळ्यातली". ते साल १९४२. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. ही घोषणा ज्यांनी दिली ते युसुफ मेहेरअली त्या वेळी मुंबईचे महापौर होते. पुढे १४ ऑगस्टला पालघरच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी आपण कधीतरी गेला असाल. नसाल गेला, तर जरूर जा. आत्याचा दाखला मात्र म्हणतो, १ जून १९४४!

१९४४ चीही दादीला एक वेगळी खूण होती. १४ एप्रिलला दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीतल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. तो आवाज सोपाऱ्यात ऐकू आला, असे ती सांगे. ज्याने तिला खांद्यावर वाढवले तो भाऊ त्या वेळी गोदीत कामाला होता. तीन दिवस त्याचा पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने तो उतरला तो अंगाला राख, पायात चप्पल नाही अशा अवस्थेत. तिने त्याला दारातच बसवून आंघोळ घातली. हे सांगताना शेवटपर्यंत तिचा आवाज बदलत असे.

स्वातंत्र्य आले आणि फाळणीही आली. हा भाऊ बोटीवर खलाशी झाला होता. कराचीला उतरला आणि काही कारणाने तिकडेच राहिला. दुसरा देश गाठायला तो काही गेला नव्हता. नेहमीच्या कामावर गेला होता. पण नेहमीच्या बंदराचाच देश बदलला. त्यानंतर दोघांची भेट झाली नाही. फक्त पत्रे येत. त्या पत्रांविषयी मी पुढे बोलणार आहे.

१९५२ साली पहिली निवडणूक झाली. मतदारयादीत दादीचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने लागले होते. "सरकारने माझं नाव पहिल्यांदा तेव्हा लिहिलं," असे ती मोठ्या अभिमानाने सांगे. विद्यार्थिनींनी हे ध्यानात ठेवावे. त्या वेळी उत्तरेकडच्या राज्यांत सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावे यादीतून काढून टाकावी लागली, कारण नोंदणीच्या वेळी त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. स्वतःचे नाव परक्याला सांगायचे नाही, ही रीत. तेव्हाचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नावे ठेवायला नकार दिला. आज तो निर्णय कठोर वाटतो, परंतु पुढच्या निवडणुकांत बायका आपली नावे सांगू लागल्या. हिमाचलातल्या कल्पा गावचे श्याम सरन नेगी हे साधे शाळामास्तर. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांनी मत दिले आणि देशाचे पहिले मतदार म्हणून त्यांचे नाव झाले. २०२२ साली १०५ वर्षांचे होऊन ते वारले. साध्या माणसाचे नाव देशाला कळले, कारण त्या दिवसाची नोंद होती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमचे दादा, म्हणजे दादीचे यजमान, दुसऱ्याचे भातशेत खंडाने करीत. पंचवीस वर्षे त्यांनी ते कसले. खंड भाताच्या रूपाने घालायचा आणि पावती नाही. मालक भला माणूस, घरोबा होता. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे दादांना वाटे. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. 'कसेल त्याची जमीन' म्हणतात ती हीच. राज्यात लाखो कुळे त्यामुळे जमिनीची मालक झाली. ही या राज्यातली फार मोठी गोष्ट आहे. तिचे मोल कमी करायचा माझा हेतू नाही.

परंतु आमच्या दादांचे नाव सातबारावर नव्हते. पीकपाहणीच्या रकान्यात वर्षानुवर्षे मालकाचेच नाव 'खुद्द' म्हणून लागत आले होते. दादा साक्षीदार घेऊन गेले. साक्षीदारांनी खरे सांगितले. पण विचारणा झाली, "कागद काय आहे?" कागद काहीच नव्हता. जमीन गेली. मालक वारले, दादाही वारले. आज मला कोणावर दोष ठेवायचा नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले होते. त्यांना वाचता येत होते. तरीही चावडीवर जाऊन सातबारा पाहावा, हे पंचवीस वर्षांत कोणालाच सुचले नाही. वाचता येणे ही एक गोष्ट, आणि आपल्याविषयी काय लिहिले आहे ते जाऊन पाहणे ही दुसरी. दोन्ही लागतात.

मी त्याच वर्षी, त्या निकालाच्या सुमारास जन्मलो. १९६३ साली दादी मला शाळेत घेऊन गेली. मास्तरांनी जन्म विचारला. ती म्हणाली, "जमीन गेली त्या साली, पावसाच्या आधी." मास्तरांनी १ जून १९५७ लिहिले. घरी येताना तिने मला एवढेच सांगितले, "जमीन पुन्हा मिळणार नाही. पण तुझ्याबद्दल कोणी काही लिहिलं, तर ते तुला वाचता आलं पाहिजे." १९५१ च्या जनगणनेत या देशातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम नऊ जणींना लिहिता-वाचता येत होते. दादी त्या नऊत नव्हती. पण शिक्षणाचा अर्थ तिला कळला होता.

आता त्या पत्रांविषयी. कराचीहून भावाची पत्रे उर्दूत येत. दादीला वाचता येत नसल्यामुळे ती शेजारी कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागत. बहीण-भावाच्या मनातल्या गोष्टी चार माणसांसमोर वाचल्या जात. उत्तरही दुसऱ्याच्या हातचे. त्यामुळे तिने भावाला मनातले असे कधी लिहिलेच नाही. 'सगळी खुशाल आहेत, तुम्ही तब्येत सांभाळा', एवढेच. मी मराठी शाळेत होतो आणि संध्याकाळी उर्दू शिकत होतो. जरा अक्षर लागू लागले तसे ते काम माझ्याकडे आले, आणि मग ती दार लावून घेऊन पत्र ऐकू लागली.

१९७१ च्या युद्धात टपाल बंद झाले. दोन्ही देशांत १९७४ च्या सप्टेंबरात करार होऊन ते पुन्हा सुरू झाले. त्यानंतर काही आठवड्यांनी पत्र आले. मी त्याच वर्षी एस.एस.सी. झालो होतो. पत्र भावाचे नव्हते, त्याच्या मुलाचे होते. दुसऱ्याच ओळीत लिहिले होते, की अब्बांचे दोन वर्षांपूर्वी निधन झाले. मी थांबलो. पुढचे गाळून काहीतरी खुशाली वाचावी, असे क्षणभर मनात आले. सतरा वर्षांचे वय. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, "जे लिहिलंय तेच वाच." मी वाचले. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, "तारीख लिहिली आहे का?"

लिहिली होती. १९७२ च्या रमझानमधली तारीख होती ती. मी ती सांगितली. तिने माझ्याकडून ती तीनदा म्हणवून घेतली आणि पाठ केली. आयुष्यभर जिला स्वतःची जन्मतारीख नव्हती, तिला पाठ असलेली ती एकच तारीख. त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी ती त्याच्या नावाने फातिहा देववीत असे. पत्र वाचायला शिकलेला कोणी घरात नसता, तर तिला तेही चारचौघांत ऐकावे लागले असते.

पुढच्या गोष्टी मी थोडक्यात सांगतो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे. ती तिला मरेपर्यंत आठवे. वडील मुंबईत गिरणी कामगार झाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. बहुतेकांना ती नोकरी पुन्हा मिळालीच नाही. वडील त्यांपैकीच एक. मी दोन वर्षांपूर्वी शाळेत कारकून म्हणून लागलो होतो. पगार लहान, पण पहिल्या तारखेला येणारा. त्यावर आठ माणसांची चूल चालली. मी बहाद्दर होतो म्हणून नव्हे, एका बाईने एकोणीस वर्षांपूर्वी माझे बोट धरून मला शाळेत नेले होते म्हणून.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ हे दिवस इथल्या वडीलधाऱ्यांना मी आठवण करून देण्याची गरज नाही. मुंबईच्या त्या दंगलीत ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदले आहे. वडील तेव्हा मुंबईत एका दुकानात कामाला होते आणि चार दिवस अडकून पडले. त्यांना आपल्या घरात ठेवून घेऊन, वातावरण निवळल्यावर आगगाडीत बसवून देणारा माणूस त्यांच्या रोजच्या गाडीतला सोबती होता, हिंदू होता, आणि पुढे मरेपर्यंत आमच्या ईदला येत राहिला. इकडे घरी एका रात्री अफवा उठली. बायकांनी बोचकी बांधली. दादीचे बोचके मी उघडून पाहिले. त्यात दागिने नव्हते. नातवंडांचे शाळेचे दाखले, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या आणि कराचीची पत्रे होती. ती म्हणाली, "पैसा परत मिळवता येतो. आपण इथलेच आहोत, हे मी तोंडाने किती सांगू?" सुदैवाने ते बोचके घेऊन कोठे जावे लागले नाही. ते आजही माझ्या कपाटात आहे.

या सगळ्या काळात ती एकाच घरात राहिली. पण ते घर मुंबई इलाख्यात होते ते मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आले, आणि ३ जुलै २००९ पासून वसई-विरार महानगरपालिकेत. तिच्या मृत्यूनंतर, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाणे जिल्ह्याचा पालघर जिल्हा वेगळा झाला. १९५७ साली गेलेल्या त्या भातशेतावर आज इमारती आहेत. बावखले बुजली. तिने पाहिलेले गाव आज तिला ओळखू आले नसते.

आता मघाशी म्हटलेली कबुली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा जूनच्या गर्दीत एक बाई मुलाला घेऊन आली. ती म्हणाली, "याचा जन्म धाकट्या दिराच्या लग्नानंतरचा." लग्न कधी झाले, हे मी विचारायला हवे होते. दोन प्रश्न पुरले असते. बाहेर रांग होती. मी अंदाजाने १ जून आणि एक साल टाकले. मुलाचे वय वर्षाने जास्त लागले. सोळा-सतरा वर्षांनी तो मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. भरतीत सगळ्या चाचण्या पार पडल्या होत्या, वयाची मर्यादा मात्र काही महिन्यांनी ओलांडली होती. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरातली जन्मतारीख बदलणे किती अवघड असते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? काही होऊ शकले नाही. तो रागावला नाही. "तुम्ही तरी काय करणार, साहेब," म्हणाला आणि गेला. तो रागावला असता तर बरे झाले असते. ज्या दादीने जन्मभर कागदासाठी जीव टाकला, तिच्या नातवाने दुसऱ्याच्या मुलाचा कागद असा निष्काळजीपणे लिहिला. ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही. आज इथे पहिल्यांदा सांगत आहे.

म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळेत, परवान्याला, नोकरीला जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा झाला आहे. आता १ जूनची सोय राहिलेली नाही. नाव, बापाचे नाव, आडनाव सगळ्या कागदांवर एकसारखे आहे का, हे आजच घरी जाऊन पाहा. मुलींच्या कागदांकडे मुलांपेक्षा जास्त लक्ष द्या, कारण लग्नानंतर त्यांना ते दुप्पट लागतात. आणि शिकलेल्या मुलाला घरातला प्रत्येक कागद मोठ्याने वाचायला लावा. सातबारा असो, घराचा करार असो, कर्जाचा अर्ज असो. न वाचता अंगठा देणारा आणि न वाचता सही करणारा, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

विद्यार्थ्यांना मी एक काम देतो. लक्ष्मीबाई टिळकांचे शालेय शिक्षण नावापुरतेही नव्हते, पण त्यांनी आपल्या आठवणी 'स्मृतिचित्रे'त लिहिल्या आणि मराठीतले एक थोर पुस्तक झाले. प्रत्येकाच्या दादीकडून तसे पुस्तक होणार नाही. एक वही मात्र होईल. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापाशी बसा. 'तुमचा जन्म कोणत्या साली?' असे विचारू नका. तसे विचारले की ती माणसे संकोचतात. विचारा, तुमच्या लहानपणी कोणती साथ आली होती? लग्नाच्या वेळी धान्य कसे मिळे? पहिले मत कधी दिले? गिरण्या बंद पडल्या तेव्हा घरी काय झाले? करोनात गाड्या बंद होत्या तेव्हा कोण कोठे अडकले होते? मग इतिहासाचे पुस्तक उघडा आणि त्यांच्या उत्तरांपुढे साल लिहा. पुस्तकातला इतिहास आणि घरातला इतिहास एकाच वहीत येईल. संस्थेलाही माझी सूचना आहे. अशा वह्यांसाठी वाचनालयात एक कपाट राखून ठेवावे.

दादी गेली तेव्हा मृत्यूच्या नोंदीचा अर्ज भरायला मीच बसलो. वयाच्या रकान्यापाशी हात थांबला. तीन कागदांवर तीन वये होती. अखेर आधारवरचे वय लिहावे लागले, कारण पुराव्याला तोच कागद जोडला होता. घरी आल्यावर मी माझ्या वहीत लिहिले : जन्म, मानमोडीच्या साथीपूर्वी काही महिने, सोपारा. ती नोंद कोणत्याही कचेरीत चालणार नाही, पण माझ्या मते तीच बरोबर आहे.

 आता घरी जाल तेव्हा आपापल्या दादी-नानीजवळ थोडा वेळ बसा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.